जळणाची खोली

"उंबरा चुकलाय," आई म्हणाली.

फळी तिच्या मांडीवर ठेवून मला धड खुर्ची ओढून बसताही आलं नव्हतं. आमच्या सांगलीच्या घराचा नकाशा होता तो, लाकडात कोरलेला. भिंती वर उचललेल्या, दारांच्या जागी फटी, तिचा पलंग, देव्हारा, मोरीपर्यंतची वाट. काचबिंदूनं दोन्ही डोळे गेल्यापासून ती घरात धडपडत होती. एकदा तर न्हाणीघराच्या दारात पडून मनगट मोडून घेतलं. बोटांनी चाचपून घर पाठ करता येईल, म्हणून मी ती फळी केली होती.

"कुठला उंबरा?"

"स्वयंपाकघराचा. इथं कोपरा आणि दार यांच्यात माझं बोट मावतंय. खऱ्या घरात दार कोपऱ्याला चिकटून आहे. अंदाजे काढलंस ना?"

अंदाजेच काढलं होतं. गाडी लावायच्या शेडमध्ये माझं एक छोटं सीएनसी मशीन होतं, सुटे भाग मागवून मीच जोडलेलं. आठवडाभर विमा कंपनीत फायली, आणि रविवारी हे. संगणकावर आकृती काढायची, ती मशीनला द्यायची, मग फिरणारं पातं लाकडात तीच आकृती कोरतं. ऐकायला सोपं वाटतं. माउस ओढून काढलेली रेघ आपल्याला सरळ दिसते; मशीन मात्र आकडे वाचतं. दोन रेघांची टोकं केसाएवढी सुटली तरी आकृती बंद होत नाही, आणि आत कुठलं नि बाहेर कुठलं हेच मशीनला कळेनासं होतं. प्रत्येक रेघेचा आकडा टाइप करावा लागतो, टोकाला टोक जुळवावं लागतं. मी तेव्हा नवशिका होतो. घाईत डोळ्यांनी बघून रेघ ओढायचो आणि मोकळा व्हायचो.

सांगलीला आल्यापासून निवृत्त होईपर्यंत आईनं हायस्कुलात भूमिती शिकवली. मी तिच्याच वर्गात होतो.

"भूमितीत तू कायम काठावर पास," ती म्हणाली. "आणि काठावर तुझं काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे."

माझी बायको वृंदा पलीकडं भाजी निवडत बसली होती. तिचे हात थांबले. मी फळी उचलली आणि शेडमध्ये गेलो.

सगळ्यांना माहीत होतं ते खरं होतं, कारण आईनं ते सगळ्यांना सांगितलं होतं. माझे वडील पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर होते. मी लहान असताना आम्ही वाघोशीच्या धरणाखालच्या कॉलनीत राहायचो. काळ्या दगडाची बैठी क्वार्टर्स, आणि मागून कालवा वाहायचा. मी सहा वर्षांचा, माझी बहीण मनू तीन वर्षांची. रविवारची दुपार होती. आई स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी होती. तिला दिसलं, की मी कालव्याच्या पायऱ्यांवर उभा आहे आणि मनू खालच्या पायरीवर वाकून पाण्यात हात घालतेय. आई ओरडली, "रंगा, तिला धर!" मी वळून खिडकीकडं बघितलं. आमची नजरानजर झाली. आणि मी जागचा हललो नाही. आई धावत येईपर्यंत मनू गेली होती.

हे तिनं माझ्या लग्नात वृंदाच्या आईला सांगितलं, अक्षता पडायच्या आधी. माझी मुलगी केतकी झाली तेव्हा दवाखान्यातल्या नर्सला सांगितलं, "पोरगी याच्या भरवशावर सोडू नका." वडिलांच्या दिवसांना जमलेल्या पाहुण्यांना सांगितलं. ते सांगताना ती रडल्याचं मला आठवत नाही. कुणी पत्ता विचारावा आणि आपण सांगावा, तसं सांगायची.

मलाही ते सगळं आठवायचं. पायाला चटका देणारी तापलेली पायरी. गढूळ पाणी. मनूचा पिवळा फ्रॉक. मान वळवल्यावर खिडकीच्या गजांमागं दिसलेला आईचा चेहरा. आपण का हललो नाही, एवढंच तेवढं आठवत नसे. मी पोहायला शिकलो नाही. केतकीला घेऊन कधी नदीवर गेलो नाही. तिला कृष्णेच्या घाटावर न्यायचं काम वृंदा करायची. वडील या सगळ्यात कधी एक शब्द बोलले नाहीत. आईनं विषय काढला की ते उठून बाहेर जायचे. मला वाटायचं, त्यांना माझा चेहरा बघवत नाही.

घराचा नकाशा मी पुन्हा केला. या वेळी टेप घेऊन प्रत्येक भिंत मोजली आणि प्रत्येक आकडा टाइप केला. आईनं दुसरी फळी कोपऱ्याकोपऱ्यानं तपासली. तिला चूक सापडली नाही. आठवड्याभरात ती भिंतीचा आधार न घेता घरभर फिरायला लागली. वृंदा म्हणाली, "आई, किती छान झालं नाही?" आई म्हणाली, "बरं आहे."

मग एके दिवशी, मी कामावरून येऊन बूट काढत असताना तिनं मला हाक मारली.

"आता ते घर कर."

"कुठलं?"

"वाघोशीचं. दहा नंबर. घर, परस, कालवा, पायऱ्या. तिथं जाऊन मोजून आण, अंदाज नको. आणि दोन खिळे ठोक. एक खिडकीत, मी उभी होते तिथं. एक पायरीवर, तू होतास तिथं."

"कशाला, आई?"

"आणि एका खिळ्यापासून दुसऱ्यापर्यंत बारीक चर पाड. बोट सरळ गेलं पाहिजे. माझी नजर गेली तसं."

वृंदा आतून आली. "आई, कशाला पुन्हा ते? इतकी वर्षं झाली."

"तुझं पोर गेलं नाही, तू बोलू नकोस," आई म्हणाली. मग माझ्याकडं तोंड करून, "मला आता दिसत नाही. ते माझ्या हाताखाली राहू दे. आणि तुझ्याच हातचं असू दे."

नाही म्हणायची मला सवय नव्हती. पुढच्याच रविवारी वृंदाला घेऊन वाघोशीला गेलो.

कॉलनी केव्हाच ओस पडली होती. फाटकावर एक रखवालदार होता, त्यानं कशाला म्हणून विचारलंही नाही. क्वार्टरांना खात्याची कुलपं, खिडक्यांवर पत्रे ठोकलेले. परसात वेडी बाभूळ माजली होती. दहा नंबर ओळखायला मला वेळ लागला. मी ते घर आठवणीत खूप मोठं करून ठेवलं होतं.

आम्ही बाहेरून घर मोजलं. खिडकीची जागा, रुंदी, जमिनीपासूनची उंची. मागच्या भिंतीला लागून, खिडकीच्या डाव्या अंगाला, एक दगडी खोली पुढं आलेली होती. मला तिची आठवणच नव्हती. दाराची कडी निसटलेली होती, आत कोळशाचा काळा थर आणि एक मोडकी पाटी. जळणाची खोली. बाभळीचे काटे हाताला लागत होते, तरी तिचीही मापं घेतली.

पायऱ्यांची जागा धरायची तर घराच्या दोन कोपऱ्यांपासून त्यांचं अंतर घ्यायचं. मग संगणकावर त्या दोन अंतरांची दोन वर्तुळं काढायची; ती एकमेकांना छेदतात तिथं पायरी. हे मला आईनंच कंपासपेटी हातात देऊन शिकवलं होतं. पण टेपचं टोक घेऊन पायऱ्यांपर्यंत जायला माझे पाय उठेनात. बाभळीच्या झुडपाशी मी थांबलो.

"मी जाते," वृंदा म्हणाली. ती टेप ओढत गेली. "इथंच ना?" तिनं तिकडून विचारलं.

"एकच आहेत पायऱ्या. बायका धुणं धुवायला यायच्या त्या."

"पाणी फार नाही आता."

मी आकडा वाचला आणि लिहून घेतला.

त्या दुपारी घरी येऊन जेवलो आणि संगणकापुढं बसलो. एकास शंभर असं प्रमाण धरलं. घर झालं, आतल्या खोल्या आईनं सांगितल्या तशा झाल्या, परस झालं, जळणाची खोली झाली, कालव्याच्या दोन समांतर रेघा झाल्या. टोकाला टोक जुळलं, आकृत्या बंद झाल्या. वर्तुळं काढली, छेदनबिंदू धरला, तिथं खिळ्याचं भोक. खिडकीच्या मध्यावर दुसरं भोक. राहिला चर. एका भोकाचा मध्य पकडला, रेघ ओढली, दुसऱ्या भोकाच्या मध्यावर ती आपोआप चिकटली.

रेघ जळणाच्या खोलीतून आरपार गेली होती.

मला वाटलं, मी चुकलो. काठावर पास. सगळे आकडे पुन्हा तपासले. खिळा खिडकीच्या मध्यावरून एका कडेला सरकवला, मग दुसऱ्या कडेला. रेघ खोलीतूनच जात होती. खोली खिडकीच्या इतकी लगत होती आणि पायऱ्या इतक्या डावीकडं होत्या, की खिडकीतून बाहेर डोकं काढलं तरी दगडच दिसला असता. वर त्या खिडकीला गज होते.

पुढच्या रविवारी मी एकटाच पुन्हा वाघोशीला गेलो. वृंदाला सांगितलं, एक माप राहिलंय. टेपचं टोक दगडाखाली दाबून, या वेळी पायऱ्यांपर्यंत स्वतः जाऊन सगळी मापं दुसऱ्यांदा घेतली, तिरक्या अंतरांसकट. मग खिडकीवरच्या पत्र्याला पाठ लावून उभा राहिलो आणि पायऱ्यांच्या दिशेनं बघितलं. समोर काळा दगड. घराच्या भिंतीचे आणि त्या खोलीचे दगड कोपऱ्यात एकमेकांत गुंतवलेले होते. दोन्ही बांधकामं एकाच वेळची होती. मी त्या दगडाला हात लावला, आणि तिथंच खाली बसलो.

फळी शिवणीच्या लाकडाची घेतली. मशीन दिवसभर चाललं. कालवा पात्यानं खोल कोरला, भिंती उभ्या सोडल्या. चर खिडकीतल्या खिळ्यापासून निघायचा, जळणाच्या खोलीच्या भिंतीपाशी थांबायचा, आणि पलीकडून पुन्हा सुरू होऊन पायरीवरच्या खिळ्यापर्यंत जायचा. मी तो तसाच ठेवला. दोन पितळी खिळे ठोकले. कुणाला काही सांगितलं नाही.

आईला फळी दिली तेव्हा वृंदा केतकीला क्लासवरून आणायला गेली होती. आईनं फळी मांडीवर घेतली, कडा चाचपल्या. मग शिकवायला उभी राहायची तशी ताठ बसली.

"ओसरी," ती म्हणाली. "मधली खोली. हे स्वयंपाकघर. ही चूल." बोट पुढं सरकलं. "हा खिळा. खिडकी."

तिचं बोट चरात शिरलं. थोडं गेलं आणि थांबलं. ते पुन्हा खिळ्यावर आलं, पुन्हा चरातून गेलं, पुन्हा थांबलं.

"हे काय आलं मधे?"

"जळणाची खोली."

"ती इथं नव्हती."

"तिथंच आहे, आई."

"स्वतःसाठी भिंत उभी केलीस?" तिचा आवाज चढला नाही. "संगणकावर काय, कुठंही काढता येते."

"दोनदा जाऊन मोजली. घराचे आणि तिचे दगड एकात एक आहेत. उद्या रजा टाकतो, गाडीतून नेतो तुला. हात लावून बघ."

तिचं बोट भिंतीवर चढलं, खोलीच्या चारी बाजूंनी फिरलं, पलीकडं उतरलं आणि पायरीवरच्या खिळ्यापाशी जाऊन थांबलं.

"पायऱ्यांची जागा कशी धरलीस?"

"दोन कोपऱ्यांपासून अंतर घेतलं."

"वर्तुळं काढलीस?"

"हो."

"मग बरोबर आहे," ती म्हणाली. वहीवर खूण करावी तसं. "वृंदा कुठाय?"

"केतकीला आणायला गेलीय."

"दार लाव."

मी दार लावलं आणि तिच्यासमोर बसलो. ती दोन्ही हात फळीवर पसरून बसली होती.

"मी झोपले होते."

"कधी?"

"तेव्हा. जेवणं झाली, मनूला कुशीत घेऊन पडले. मागच्या दाराची कडी लावायची राहिली. जाग आली ती बायकांच्या ओरडण्यानं."

"म्हणजे तू मला बघितलंच नाहीस?"

"बघणार कुठून? तू शाळेत होतास."

बाहेर रस्त्यावरून गॅसच्या टाक्यांची गाडी खडखडत गेली. मला नीट ऐकू आलं होतं, पण ते वाक्य आत जाईना.

"रविवार होता," मी म्हणालो.

"बुधवार. यांनी शिपाई पाठवून तुला शाळेतून आणवलं. तोवर तिला ओसरीवर आणून ठेवली होती. तू आलास, दप्तर टाकलंस आणि खायला मागितलंस."

"मला आठवतंय, आई. पायरी तापली होती. तिच्या अंगात पिवळा फ्रॉक होता."

"पिवळा फ्रॉक तिला नव्हताच कधी. मी कुणाला तरी सांगताना म्हटलं असेल. मी सांगायचे तेव्हा तू तिथंच बसलेला असायचास, आ वासून ऐकत."

"कशासाठी सांगितलंस असं?"

"तुझी आजी संध्याकाळच्या गाडीनं येणार होती. आई झोपली आणि पोर बुडालं, हे तिला कळलं असतं तर तिनं मला त्या घरात एक दिवस ठेवलं नसतं. तुझे बाबा म्हणाले, रंगा बरोबर होता असं सांगू. सहा वर्षांच्या पोराला कोण काय म्हणणार आहे? चार दिवसांत तो विसरेल."

"बाबा म्हणाले?"

"त्यांनाच सुचलं. मी कुठं शुद्धीवर होते?"

"आजी गेली तेव्हा मी कॉलेजात होतो. त्यानंतर तरी सांगायचंस."

"कुणाला? सगळ्यांना सांगून झालं होतं."

"मला."

"तुला सांगून काय झालं असतं?" आता मात्र तिचा आवाज कडक झाला. "तुझं काय बिघडलं? शिकलास, नोकरी लागली, लग्न झालं, मुलगी झाली. माझी गेली ती गेलीच. चार माणसांत तुला दोन शब्द ऐकावे लागले, एवढंच ना? मी काय ऐकत होते ते तुला माहीत आहे?"

मी तिच्याकडं बघत राहिलो. तिचे डोळे माझ्या खांद्यावरून पलीकडं भिंतीकडं लागले होते. ती रडेल, असं मला अजूनही वाटत होतं. तिनं फळी दोन्ही हातांनी उचलून पुढं केली.

"घे ही. मांडीला टोचतेय. आणि चहा टाक थोडा."

फळी तिच्या पलंगाशी उभी करून मी चहा टाकला. साखर किती घालायची ते आठवेना.

शेडमध्ये जाऊन बसलो. शाळा आठवायचा प्रयत्न केला: बाक, फळा, गुरुजी, दारात आलेला शिपाई. काही येईना. डोळे मिटले की तीच पायरी यायची, तोच पिवळा फ्रॉक, गजांमागचा तोच चेहरा. खोटं आहे म्हणून कळलं, तरी ते माझ्या डोळ्यांपुढून जाईना. आई जाऊन बरीच वर्षं झाली. अजूनही गेलेलं नाही.

वृंदाला त्याच दिवशी सांगितलं. तिनं माझे दोन्ही हात धरले. तिला रडू आवरेना. "इतकी वर्षं?" ती म्हणत राहिली. "इतकी वर्षं?" सकाळी मी आंघोळीला गेलो असताना ती आईच्या खोलीत गेली. मी डोकं पुसत बाहेर आलो तर आईचा आवाज येत होता.

"मी झोपले होते? मी कधी दुपारी झोपते का, वृंदा? तू इतकी वर्षं बघतेयस मला."

"मग ती खोली, आई? नकाशात..."

"नकाशा त्यानंच काढलाय ना?" मग आई अगदी मायेनं म्हणाली, "त्याला समजून घे. मनाला लावून घेतलंय त्यानं. लहानपणीही असं काहीबाही रचून सांगायचा. मी बोलले त्याला, माझंच चुकलं. आता नाही काढणार विषय."

वृंदा बाहेर आली. माझ्या हातातला पंचा घेऊन तिनं दोरीवर टाकला.

"तुम्हाला नक्की तसंच ऐकू आलं?"

मी तिला संगणकापुढं नेलं. रेघ दाखवली, खोली दाखवली, कोपऱ्यातल्या दगडांचं सांगितलं. टेपचं दुसरं टोक तिनंच धरलं होतं. तिनं शांतपणे सगळं बघितलं.

"यावरून त्यांना खिडकीतून दिसलं नसेल एवढं कळतं," ती म्हणाली. "दुसरीकडून दिसलं असेल. दारातून. इतक्या वर्षांनी खिडकी म्हणत असतील. पण तुम्ही तिथं नव्हता, हे यात कुठं आहे?"

ते त्यात नव्हतंच. कॉलनीची शाळा बंद पडून जमाना झाला होता. शिपाई कोण, गुरुजी कोण, मला कुणाचं नावही माहीत नव्हतं. वडील नव्हते. माझ्याकडं फक्त आईचं बोलणं होतं, आणि ते तिनं परत घेतलं होतं.

"मी विश्वास ठेवत नाही असं नाही," वृंदा म्हणाली.

त्यानंतर आम्ही दोघं त्यावर बोललो नाही. आईनंही शब्द पाळला. घरात ती तो विषय काढेना. मला वाटलं, निदान एवढं तरी झालं.

मग कऱ्हाडहून इंदूमावशी आली, आईची धाकटी बहीण. तिला भेटायचं म्हणून मी ऑफिसातून लवकर निघालो. दारात चपला काढतानाच आईचा आवाज कानावर आला.

"हा खिळा, इथं मी. आता बोट सरळ ने. लागतंय काही मधे?"

"नाही गं," मावशी म्हणाली.

मी आत गेलो. वाघोशीची फळी दोघींच्या मधे होती. मावशीचं बोट आईनं आपल्या हातात धरून चरातून नेलं होतं. जळणाची खोली नव्हती. तिच्या जागी नुसतं ओबडधोबड, तंतू वर आलेलं पांढरं लाकूड होतं. आईच्या डाव्या हाताच्या दोन बोटांना हळदीची चिंधी गुंडाळलेली होती. शेजारी जमिनीवर माझा स्क्रूड्रायव्हर पडला होता, आणि खलातला बत्ता. लाकडाचे कपटे तिच्या पदरात होते. नंतर वृंदा म्हणाली, सकाळी ठोकल्याचा आवाज आला होता. तिला वाटलं, आई सुपारी फोडतायत.

"आणि हा खिळा," आई म्हणाली, "इथं हा उभा होता. माझ्याकडं बघत."

मावशीनं मला बघितलं आणि बोट मागं घेतलं.

"मावशी, मी तिथं नव्हतो," मी म्हणालो. "मी शाळेत होतो. आईनं स्वतः सांगितलंय मला."

मावशी आईकडं बघायला लागली. आईनं माझ्या आवाजाच्या रोखानं मान वळवली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. वर्गात उत्तर न आलेल्या मुलाकडं बघावं तशी ती माझ्या दिशेनं बघत होती.

"बघ," ती मावशीला म्हणाली, "अजून कबूल करत नाही."

वृंदा चहाचा ट्रे घेऊन आली होती, ती खाली मान घालून कप मांडत राहिली. मावशी गुडघ्यांवर हात टेकून कशीबशी उठली, माझ्याजवळ आली आणि तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला. तिचे डोळे भरून आले होते.

"जाऊ दे रे राजा," ती म्हणाली. "सहा वर्षांचं पोर होतास. आम्ही सगळ्यांनी तुला केव्हाच माफ केलंय."

चहा झाला. मावशीच्या गाडीची वेळ होत आली होती. मी तिची पिशवी उचलली आणि तिला स्टँडवर सोडायला निघालो.